पडावाचा पंचनामा

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगायला नको. भाजीवाली कोथिंबीर ताजी आहे म्हणाली की मी जुडी उलटी करून देठ बघतो. डॉक्टरने गोळी बदलली की औषधवाल्याला विचारतो, आणि त्यानेही तेच सांगितलं तर दोघं मिळालेले आहेत असं मला वाटतं. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी एक डोळा चपलांवर असतो. असतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

हा स्वभाव मी नोकरीत कमावला. बत्तीस वर्षं मी मोजणी खात्यात नकला देणारा कारकून होतो. लोक यायचे, अर्ज द्यायचे, मी जुन्या नोंदींची नक्कल काढून द्यायचो. बापाच्या नावाची जमीन तिसऱ्याच माणसाच्या नावावर कशी गेली हे लोकांना माझ्या टेबलासमोर कळायचं. काही जण तिथंच खाली बसायचे. मी त्यांना पाणी द्यायचो आणि मनात म्हणायचो, आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही.

आमचं घर म्हणजे माझं आत्ताचं सिमेंटचं घर नव्हे. आम्ही भावंडं वाढलो ती जागा तलासरीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून आहे. तिला सगळे पडाव म्हणतात. इंग्रजांच्या काळात पलटणी पायी चालत जायच्या, तेव्हा त्यांच्या मुक्कामासाठी जागा राखून ठेवलेल्या असत, त्यातली ही एक. एक विहीर, दहा-बारा जुने आंबे आणि चार कोपऱ्यांना चार दगड. आमचा आजा तिथला राखणदार. विहीर साफ ठेवायची, गवत कापून रचून ठेवायचं आणि बदल्यात तिथंच एका कडेला राहायचं, असा तोंडी व्यवहार होता. तो लिहिलेला कागद मी बत्तीस वर्षं शोधला, मला सापडला नाही.

सातबाऱ्यावर मात्र नोंद होती. भोगवटादार सरकार, आणि इतर हक्कात 'लष्करी पडावासाठी राखीव'. आता जमीन सरकारची हे सगळ्यांनाच कबूल, पण कुठल्या सरकारची? महसूलवाले म्हणायचे, जमीन आमची, लष्कराला फक्त वापरायला दिलेली. लष्कराचं जमिनीचं खातं म्हणायचं, आमच्या जुन्या रजिस्टरात ती आमची म्हणून लागलेली आहे. पलटणी पायी जायच्या बंद झाल्या, देश स्वतंत्र झाला, पण या दोघांचं काही ठरलं नाही. ठरवलं असतं तर राखायला माणूस ठेवावा लागला असता. दोघांनाही ती जागा हवी होती आणि सांभाळायला नको होती. मधल्या मधे आम्ही राहत होतो.

राहायचा आमचा एक नियम होता. पडावावर जोतं बांधायचं नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांना शेणमातीचा गिलावा, लाकडाचे खांब आणि वर कौलं. कुड असे बांधायचे की दोर सोडले की अख्खी भिंत आडवी व्हावी. आज्याने वडलांना सांगितलेलं, वडलांनी आम्हाला: पलटण आली की घर उतरवायचं, गेली की परत उभं करायचं, हाच आपला शब्द. वडील लहान असताना एकदा खरंच पलटण आली होती. आज्याने सकाळी घर उतरवलं, आठ दिवस सगळे गावात एकाच्या पडवीत राहिले आणि पलटण गेल्यावर त्याच खड्ड्यांत तेच खांब उभे केले. जाताना शिपायांनी विहिरीला नवा दोर दिला म्हणे. ही गोष्ट वडील इतक्या अभिमानाने सांगायचे की जणू सरकारने त्यांच्याशी हात मिळवला होता.

मला नोकरी लागली तसा मी गावात जागा घेऊन घर बांधलं. माझी थोरली बहीण लग्नानंतर सहा वर्षांत विधवा होऊन परत आली आणि आईवडलांजवळ पडावावर राहिली. त्यांचं दुखणंखुपणं तिनेच काढलं. ते गेल्यावर मी म्हटलं, ताई, आता माझ्याकडे चल. ती म्हणाली, "तुझ्या घरी चार दिवस येईन, पाचव्या दिवशी मला माझी चूल लागते." तिथंच राहिली. पावसात नागली, पाऊस सरला की वाल, थोडी मिरची. आठवड्याला टोपली घेऊन बाजारात बसायची. जागेला घरनंबर नव्हता, म्हणून विजेचा मीटर नव्हता. रेशनकार्डावर तिचं नाव माझ्या घरात लावलेलं. कागदावर बघाल तर ताई पडावावर कधी राहिलीच नव्हती.

चार वर्षांमागची दिवाळी झाली आणि गावात बातमी आली की पडावाची मोजणी होणार. महसूल आणि लष्कराचं खातं, दोघं मिळून मोजणार. आमच्या भागात मोजणीचं नाव काढलं की लोक ट्रंकेतले जुने कागद शोधायला लागतात. कधी रस्त्यासाठी मोजतात, कधी रेल्वेसाठी, कधी कशासाठी ते शेवटपर्यंत कळत नाही. तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताक फुंकूनच पिणार. माझ्या मनात तर लगेच पाल चुकचुकली. इतकी वर्षं झोपलेल्या दोन खात्यांना एकाच दिवशी जाग कशी येते?

त्यातच मी तीन दिवस ओळीने पडावाच्या कडेला एक पांढरी गाडी उभी बघितली. मी तिचा नंबर लिहून घेतला. पुढे कळलं की तो माणूस बोर्डीहून चिकूची कलमं न्यायला यायचा आणि सावलीला डबा खायचा. पण तेव्हा मला तो बिल्डरचा माणूस वाटला आणि तसं मी गावात चौघांना सांगितलंसुद्धा.

मोजणीच्या आठ दिवस आधी तलाठी ताईकडे येऊन गेली. नवीनच आलेली, घाटावरची पोरगी, स्कूटीवरून फिरायची. ताईने मला तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "आजी, त्या दिवशी घरीच राहा. काही हलवू नका. जे आहे ते दिसू द्या."

झालं. माझं डोकं सुरू. सरकारी माणूस 'घरीच राहा' कधी सांगतो? पकडायचं असतं तेव्हा. राखीव जागेवर घर म्हणजे अतिक्रमण, आणि अतिक्रमणाची नोटीस द्यायला माणूस जागेवर सापडावा लागतो. मी स्वतः तलाठ्याच्या कार्यालयात गेलो. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटलं, एवढा मान कशासाठी? मी विचारलं, मोजणी कशाला आहे? ती म्हणाली, "काका, वरती काय ठरणार ते मला कोणी सांगितलेलं नाही. पण जागेवर जे असेल ते लिहिलं जाईल, एवढं नक्की." मी म्हटलं, तेच तर. ती म्हणाली, तेच तर काय? मध्येच तिचा फोन वाजला आणि ती बाहेर जाऊन बोलली, ते मी ध्यानात ठेवलं.

पडावावर ताईसारखी आणखी पाच घरं होती. त्यातला पंक्चरवाला रस्त्याच्या तोंडाला, घरात गुजराती बोलणारा. त्याला मी विचारलं, तू काय करणार? तो टायरमधून मान वर न काढता म्हणाला, "हुं तो अहीं ज बेसवानो." मी इथंच बसणार. आठवडाभर आधी मोजणी खात्याची दोन माणसं जागा बघायला आली तेव्हा त्याने त्यांना चहा पाजला होता, हे मला माहीत होतं. हा मिळालेला आहे, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, तो सगळ्यांनाच चहा पाजतो, तुम्हालाही पाजला. मी म्हटलं, म्हणूनच.

मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेलो आणि घर उतरवू म्हणालो.

ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "का? मी इथं राहते, तर राहते म्हणून सांगू. खोटं काय आहे त्यात?"

"तुला कळत नाही. आज्याने नाही उतरवलं? पलटण गेली, परत उभं केलं. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"आज्याला पलटणीने सांगितलं होतं. मला तर हलवू नका म्हणून सांगून गेलेत."

"त्यातच तर पाणी मुरतंय ना."

ताई मला चौथीच्या पुढे शाळेत ढकलणारी बाई. माझ्या नोकरीचा तिला केवढा अभिमान. कागदाचं काही असलं की ती बाजारात बायकांना सांगायची, माझ्या भावाला विचारते. त्या दिवशी तिला माझं पटलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. तरी ती उठली आणि तिने चुलीतला विस्तव विझवला.

कौलं उतरवली, दोर सोडले, कुड आडवे केले. माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र ट्रॅक्टर घेऊन आले. दुपारपर्यंत सगळं माझ्या अंगणात आलं. खांबांचे खड्डे मी मातीने भरले. सारवलेली जमीन लगेच ओळखू येते, म्हणून तिच्यावर आंब्याचा पाला पसरला. वालाचा मांडव राहिला होता. फुलं धरली होती त्याला, खाली दोन-चार कोवळ्या शेंगा. ताई म्हणाली, याला तरी राहू दे. मी म्हटलं, मांडव म्हणजे वहिवाट, कोणीही ओळखेल. तिने स्वतःच्या हाताने वेल उपटले. मला उपटू दिले नाहीत.

मोजणीच्या दिवशी मला वाटलं होतं जीप येईल, गणवेशातली माणसं येतील. लष्कराच्या खात्याकडून आला तो एक पिकलेल्या केसांचा कारकून, पायात सँडल, खांद्याला पिशवी. पिशवीत जुन्या नकाशाची झेरॉक्स. त्याला उन्हाचा त्रास होत होता. मोजणीदाराने यंत्राची तिपाई लावली, चारही दगड शोधले. एक सापडत नव्हता तो मीच दाखवला. शेवटी तलाठीने पंचनामा लिहायला घेतला आणि दोन पंच हवेत म्हणाली. मी पुढे झालो. काय लिहितात त्यावर आपली नजर असलेली बरी, असा माझा हिशोब. मी निवृत्त सरकारी कर्मचारी, शिकलेला, तिलाही सोयीचं झालं. दुसरा पंच मोजणीदाराचा परगावचा मदतनीस झाला.

एकेक घर बघत ती सगळ्यांची नावं लिहीत गेली. पंक्चरवाला दारात खुर्ची टाकून बसला होता, त्याने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, किती वर्षं ते सांगितलं. मी मनात म्हटलं, घे, स्वतःच्या हाताने फास लावून घे. मग आम्ही आंब्याखाली आलो. ती थांबली. पाल्याकडे बघत म्हणाली, "इथं आजींचं घर होतं ना?"

मी म्हटलं, "कोणीतरी गुरं बांधायचं इथं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका, नक्की? मी लिहू तसं?"

दोनदा विचारते म्हणजे खडा टाकून बघते, असं मला वाटलं. मी म्हटलं, "लिहा. जागा मोकळी आहे. कोणाचा ताबा नाही."

तिने लिहिलं. मी शब्दन् शब्द वाचला आणि खाली सही केली. रस्त्याच्या पलीकडे ताई कोंबड्यांची टोपली घेऊन उभी होती. तिला मी जवळ येऊ नको म्हणून बजावलं होतं. मोजणीवाले गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, सुटलो. मी खरोखर खूश होतो.

परवा उभं करू म्हणता म्हणता घर तसंच राहिलं. आधी मी म्हटलं, कागद वर जाऊ दे, कोणी अचानक बघायला आलं तर? मग पडावावर काही नवीन बांधू नये असा फलक लागला. मग पाऊस आला. ताई माझ्या घरी मागच्या खोलीत राहायला लागली.

पाऊस संपल्यावर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. दोन्ही खात्यांचं ठरलं होतं. विहिरीकडचा भाग लष्कराकडे राहणार. बाकीची जागा त्यांना नको होती, ती महसूलकडे परत. आणि त्या परत आलेल्या जागेवर जे आधीपासून राहत होते, कसत होते, त्यांना घरापुरती आणि थोडी कसायला जमीन रीतसर नावावर करून द्यायचा विचार होता. यादी खाली जोडलेली, पंचनाम्यावरून केलेली. पाच नावं. पंक्चरवाल्याचं पहिलं.

मी ती यादी तीनदा वाचली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली. ताईला वाचता येत नाही. ती शेजारी उभी राहून म्हणाली, "माझं कितवं?" मी म्हटलं, चुकून राहिलंय, हरकत घेऊ.

हरकत घेतली. पंक्चरवाला आपणहून म्हणाला, मी साक्ष देतो, बाई कितीतरी वर्षांपासून इथं आहेत. ज्याला मी मिळालेला म्हणत होतो त्याने दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर डहाणूची वाट धरली. सुनावणीला तलाठीही होती. माझ्याकडे तिने फक्त एकदा बघितलं.

अधिकारी तरुण होते, पण उतावळे नव्हते. त्यांनी सगळे कागद वाचले. ताईला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "पंचनाम्यात जागा मोकळी आहे. बाई म्हणतात घर होतं. ही पंच म्हणून सही कोणाची?"

"माझी."

"आणि बाई तुमच्या कोण?"

"सख्खी बहीण."

त्यांनी पंचनामा माझ्यासमोर सरकवला. "मग हे बघा. शेजाऱ्यांची साक्ष मी घेईन, बाईंचा ताबा मानायला माझी हरकत नाही. पण मग पंचनामा खोटा ठरतो. घर होतं हे सख्ख्या भावाला माहीत असणारच. माहीत असून मोकळी जागा लिहून दिली असेल, तर पंचांवर मला पुढची कारवाई करावी लागेल. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. काय खरं ते तुम्ही सांगा."

त्यांनी ते मला विचारलं होतं. बोलायला किती शब्द लागले असते? घर होतं साहेब, मीच उतरवलं, मीच खोटं बोललो. एवढंच. माझ्या डोळ्यांपुढे आली ती माझी पेन्शन, गावातली माझी पत आणि नातीच्या लग्नाची बोलणी. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. भित्रेपणा दुसऱ्याचा असला की मला लांबून ओळखू येतो, माझा मला त्या दिवशी पहिल्यांदा इतका जवळून दिसला.

ताई उठली. म्हणाली, "साहेब, भावाला काही माहीत नव्हतं. मी त्याला न सांगता आधीच घर मोडून निघाले होते. मला एकटीला तिथं करमत नव्हतं. तो लिहितो ते खरंच लिहितो."

पंक्चरवाला काही बोलणार होता. तिने हात करून त्याला थांबवलं.

अधिकारी म्हणाले, "आजी, असं लिहून घेतलं तर तुमचा हक्क जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदा नाही, दोनदा. मला बोलायची आणखी एक संधी होती आणि त्यांनी ती मुद्दाम दिली होती. मी बोललो नाही. जबाब लिहिला गेला, ताईने अंगठा दिला.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ऊन लागतंय, तो पडदा ओढ." तेवढंच. पंक्चरवाला दोन बाकं पुढे बसला होता, तलासरी येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून ताई माझ्याकडे आहे. खोली चांगली आहे, पंखा आहे, बायको तिला काही कमी पडू देत नाही. पण ती प्रत्येक गोष्ट विचारून करते. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहते आणि म्हणते, "चहा टाकू का?" नळ सोडू का, दोरीवर लुगडं वाळत घालू का, तुळशीपाशी चार मिरच्या लावल्या तर चालेल का? पहिले काही दिवस मला वाटलं ती टोमणा मारतेय, मला माझी जागा दाखवून देतेय. संशयी माणूस, दुसरं काय वाटणार. मी महिनाभर तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी निदान भांडलो असतो. पण ती टोमणा मारत नाही. तिला खरंच परवानगी हवी असते, आणि मी रोज सकाळी ती देतो.